नलूचा घोडा

थंडी पडली की माझ्या शरीरातली एक गोष्ट बिघडते. गुडघा म्हणाल, तर तो बारमाही बिघडलेला आहे. मी कानाबद्दल बोलतोय. डिसेंबर लागला, सकाळी गोदावरीवरून धुकं वर सरकायला लागलं, की मला टकटक ऐकू येते. दोनदाच. लाकडावर लाकूड हलकेच टेकवल्यासारखी. टक्, टक्. मग काही नाही. बायको म्हणते, कानात मळ असेल. डॉक्टर म्हणाले, मळ नाही. म्हणजे निदान एक शक्यता तरी निकालात निघाली.

यंदाही परवा ऐकू आली. मी चहाचा कप खाली ठेवला, बशीचा आवाज होणार नाही असा ठेवला, आणि वाट पाहिली. तिसरी कधीच येत नाही, हे चाळीस वर्षांत मला पाठ झालंय. तरी थांबतो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. दिवसा मी कचेरीत कारकून होतो आणि रविवारी सकाळी बुद्धिबळाचा ‘सर’. ही पदवी मला कुणी दिली नव्हती, मीच घेतली होती. माझा खेळ म्हणाल, तर जिल्हा स्पर्धेत मी एकदा चौथा आलो होतो. खेळाडू पाच होते आणि पाचवा आजारी पडला होता. पण बोलायला मी पक्का. जो हरलेला डाव तासभर रंगवून सांगू शकतो त्याला लोक जाणकार समजतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

वाचनालयाच्या मागे एक लांबट हॉल होता. नदीच्या बाजूला तीन खिडक्या, त्यातल्या एकीला काचेऐवजी पुठ्ठा. हिवाळ्यात त्या पुठ्ठ्याच्या कडेने धुकं आत यायचं. खरंच यायचं. आधी खिडकीखालचा बाक दिसेनासा व्हायचा, मग हळूहळू पहिला पट. सोंगट्या हातात घेतल्या की बोटांना चटका बसावा इतक्या गार. मुली तळहातावर फुंकर मारून मग चाल करायच्या, आणि ती वाफ पटावर दोन क्षण तरंगत राहायची, कुणीतरी मधे तोंड घालून डाव बघत असल्यासारखी.

मुलींचा वर्ग माझा अभिमानाचा विषय. पाच-सहा जणी यायच्या. त्यात दोघी बहिणी होत्या, भालेराव गुरुजींच्या. थोरली नलिनी, म्हणजे नलू, एकोणीस वर्षांची. धाकटी कुसुम, दोन वर्षांनी लहान. कुसुम चाल करताना ओठ चावायची. नलू चाल करताना समोरच्याकडे बघून हसायची, आणि ते हसू बघून समोरच्याची चाल चुकायची.

नलूने एक सुरुवात शोधून काढली होती. शोधली म्हणण्यापेक्षा तिला खोडी सुचली होती. पांढऱ्याकडून खेळताना पहिल्याच चालीत राजाकडचा घोडा बाहेर काढायचा. इथवर ठीक. दुसऱ्या चालीत तोच घोडा उचलून परत होता तिथे ठेवायचा! म्हणजे दोन चाली खेळून पांढऱ्याची पलटण जशीच्या तशी, आणि काळा दोन पावलं पुढे. कुठल्याही पुस्तकातून हाकलून द्यावी अशी रीत. पण पाच मिनिटांच्या डावात ती जालीम होती. समोरची मुलगी आधी चक्रावायची, मग चिडायची, मग ‘थांब, दाखवतेच’ म्हणून अंगावर धावून यायची आणि धावताना मागचं दार उघडं टाकायची.

घोडा परत ठेवताना नलू दोन गोष्टी करायची. तो पटावर दोनदा टेकवायची, टक् टक्. आणि त्याचं तोंड फिरवायची. सगळ्यांचे घोडे शत्रूकडे बघतात. नलूचा परत आलेला घोडा तिच्याकडे बघायचा.

“हे काय गं?” मी एकदा विचारलं.

“तो दमून आलाय सर. आता त्याला लढाई दाखवायची नाही.”

“सर, ही मला चिडवायला करते,” कुसुम म्हणाली. “घरी तर उजव्या हाताने चाल करते आणि डाव्या हाताने माझी वेणी ओढते.”

“मग जिंकून दाखव ना.”

कुसुम त्या घोड्यापुढे कधीच जिंकली नव्हती. घरात, वर्गात, एकदासुद्धा नाही.

श्रावणात नलूला कावीळ झाली. भाद्रपदात ती गेली. याहून जास्त वाक्यं तेव्हाही कुणाला सुचली नव्हती, आजही मला सुचत नाहीत. रविवारी मी हॉल उघडला, नलूचा पट मांडला आणि त्यावर कुणी बसायचं नाही असं सांगितलं. आमच्याकडची ती पद्धतच होती: वर्गातलं कुणी गेलं की महिनाभर त्याचा पट मांडून ठेवायचा, सोंगट्या जागच्या जागी, समोर रिकामी खुर्ची. मुली त्या बाजूने जाताना ओढण्या सावरून जायच्या. एकदा मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “अगं, लाकूड आहे ते.” माझाच आवाज हॉलच्या टोकाला जाऊन परत आला आणि मला अजिबात ओळखीचा वाटला नाही.

आता माझ्या दरोड्याविषयी.

दिवाळीच्या सुट्टीत मी निफाडला जायचो. तात्या म्हणून एक द्राक्षबागाईतदार होते, त्यांची मुलगी शोभा झकास खेळायची. बागेतल्या घरी मुक्काम, वांग्याचं भरीत, भाकरी, आणि बदल्यात शोभाची शिकवणी. तिसऱ्या दिवशी शोभा म्हणाली, “सर, हे समदं पुस्तकातलं झालं. तुमचा सवताचा असा एखादा डाव नाय का?”

तात्या सुपारी कातरत बसले होते. तेही थांबले. “व्हय सर, तुमच्यासारख्या मानसाचा असंलच की.”

आता सांगा, भरीत खाऊन तृप्त झालेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी घोडा बाहेर काढला. मी घोडा परत ठेवला.

“हा माझा,” मी म्हणालो.

फक्त दोन शब्द. मेलेल्या पोरीच्या घरात शिरून मी तिची एकमेव वस्तू उचलली, आणि वर भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. चाली मी शिकवल्या. त्या दोन टकटकी आणि तोंड फिरवणं मात्र शिकवलं नाही. लाज म्हणा, भीती म्हणा. माझा हात तिथे वळला नाही. हे मला नीट आठवतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी ते लक्षात ठेवणं भाग आहे.

डिसेंबरात जिल्ह्याची महिलांची विद्युतगती स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये ठरली. प्रत्येकीला पाच मिनिटं, जिच्या घड्याळाचं लाल निशाण पडेल ती हरली. पंच मीच, मांडणारा मीच, चहा सांगणाराही मीच. कुसुमने भाद्रपदापासून सोंगटीला हात लावला नव्हता. मी गुरुजींच्या घरी गेलो. कुसुम दारात उभी राहून म्हणाली, “खेळेन सर. पण एका गोष्टीसाठी. स्मरणिकेत तुम्ही डाव छापता ना? नलूची सुरुवात छापा. तिच्या नावाने.”

“छापू की.”

इथे थांबलो असतो तर माणूस म्हणून बरा ठरलो असतो. पण मला ‘सर’ व्हायची खोड. “मात्र एक आहे कुसुम, जो डाव हरतो त्याला नाव देत नसतात. मोठ्या सामन्यात तो जिंकला पाहिजे.”

तिने ओठ चावला. “अंतिम फेरीत खेळेन. जिंकेन.”

आत गुरुजी खाटेवर बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरी, आणि त्यांच्या खाली नलूचा फोटो, अजून नव्या चौकटीतला. गुरुजी म्हणाले, “सर, तिचं नाव दहावीच्या निकालानंतर कुठं छापून आलेलं नाही. बघा, जमलं तर.” आणि परत पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता की काय, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

स्पर्धेच्या रविवारी असं धुकं पडलं की नदी आहे की नाही ते फक्त वासावरून कळावं. निफाडची एसटी तासभर उशिरा आली. शोभा आत आली तेव्हा तिच्या शालीला धुराचा वास होता. कडाका वाढला की द्राक्षाचे मणी तडकतात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ती तिथूनच उठून आली होती. मागे तात्या, कानटोपीत. दुपारी हॉल एका सोयरिकीच्या बैठकीला दिलेला, त्यामुळे फेऱ्या भराभर उरकत होत्या. मी घड्याळं लावत फिरत होतो आणि मनात एकच जप चालू होता: दोघी समोरासमोर यायला नकोत. अकरा वाजता फळ्यावर अंतिम फेरीची नावं मीच खडूने लिहिली. कुसुम भालेराव. खाली शोभा. खडू मोडला.

अंतिम डावाला शोभेल असा लाकडी संच एकच होता, नलूच्या पटावरचा. त्यातल्या एका पांढऱ्या घोड्याचा कान उडालेला होता. नलू तोच राजाकडे लावायची. मी सोंगट्या मांडल्या तेव्हा तो कुठे लावला ते मला आठवत नाही. डाव सुरू झाला तेव्हा तो राजाकडे होता.

मी दोन मुठी पुढे केल्या. एकीत पांढरं प्यादं, एकीत काळं. कुसुमने डावी मूठ दाखवली. काळं.

तिचा चेहरा उतरला. नलूची सुरुवात पांढऱ्याची. काळ्याकडून तेच केलं तर तो नलूचा डाव राहत नाही. “आता कशी खेळू सर?” ती इतकं हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू गेलं. आणि मी, हलकट माणूस, मनात म्हणालो: सुटलो! आता फक्त शोभाने गप्प राहावं. मी शोभाकडे वाकून म्हणालो, “आज साधं खेळ बरं का,” आणि शब्दांवर भरवसा नको म्हणून एक डोळा मिचकावला.

“व्हय सर,” शोभा म्हणाली, आणि तिनेही डोळा मिचकावला.

मिचकावणं म्हणजे ‘तोच खेळ’ असा तिने अर्थ घेतला होता, हे मला तिने घड्याळ दाबलं तेव्हा कळलं. कान उडालेला घोडा बाहेर आला. कुसुमने प्यादं दोन घरं सरकवलं, अजून बेसावध. शोभाचा हात पुन्हा त्याच घोड्यावर गेला.

घोडा परत आला.

टक्. टक्.

आणि त्याचं तोंड शोभाकडे होतं.

मी पंच होतो, दोन हातांवर उभा होतो. चष्मा तेव्हा नुकताच बदललेला होता. पुठ्ठ्याच्या खिडकीतून आलेलं धुकं बाकाच्या उंचीपर्यंत चढलं होतं. बघायला जमलेल्या बायका, मुली, तात्या, कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्यांना ठाऊकच नाही त्यांना त्यात दिसणार काय? एका मुलीने घोडा परत ठेवला, एवढंच. पण माझ्या मानेवरून कुणीतरी थंड बोट फिरवत गेलं. मी मागे वळलो. मागे नलूची रिकामी खुर्ची होती. महिना उलटून वर दोन झाले तरी ती भिंतीला लावायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

कुसुम हलली नाही. घड्याळ चालत होतं. तिचं घड्याळ. एक मिनिट गेलं. शोभा बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघायला लागली. दोन मिनिटं गेली. पाचातली दोन, आणि पटावर जेमतेम एक चाल. कुसुम घोड्याकडे बघत होती, आणि मग, मी शपथेवर सांगतो, तिने डावा हात मागे नेऊन आपली वेणी धरली. कुणी ओढत असेल तर सोडवून घ्यावी तशी.

मग ती खेळली. तसं खेळताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. ओठ चावला नाही. एकदाही विचाराला थांबली नाही. शोभा पोरगी काही कच्ची नव्हती, पण कुसुम तिच्या चालींना उत्तरं देतच नव्हती. खूप जुन्या भांडणातला तिचा राहिलेला भाग ती बोलत होती. चिडली नाही, धावली नाही, मागचं दार उघडं टाकलं नाही. शेकडो वेळा हरून पाठ झालेली प्रत्येक चूक तिने या वेळी टाळली. एकेक हत्ती गेला, उंट गेले. तो घोडा मात्र सगळा डावभर जागचा हलला नाही. तिकडे मारामारी, आणि हा आपला पाठमोरा बसलेला.

शेवटी चित्र असं होतं. कुसुमला एक चाल हवी होती. मागे हत्तीचा आधार होता. वजिराने तो घोडा मारला की शह आणि मात. मला दिसत होतं, म्हणजे कुणालाही दिसावं. तिच्या घड्याळाचं निशाण काट्याने वर उचललेलं, काही सेकंद बाकी. कुसुमचा हात वजिरावर गेला. बोटं आणि वजीर यांच्यात एका पोस्टकार्डाची जागा असेल.

तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

टप्. निशाण पडलं.

शोभाचं लक्षच नव्हतं. ती आपला राजा कसा वाचवायचा त्यात बुडालेली. नियमाप्रमाणे समोरचीने सांगायचं, पंचाने बोलायचं नाही. कुसुमच शांतपणे म्हणाली, “सर, माझं निशाण पडलं.”

तात्यांनी टाळी वाजवली. “वा गं माझी वाघीण! सर, तुमचाच डाव हो! तुमच्याच डावानं मारली बाजी!”

“सरांचा सवताचा डाव हाय ह्यो,” शोभाने कुसुमला कौतुकाने सांगितलं. “दिवाळीत शिकवला.”

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी दहा वर्षं उत्तरं रचत होतो असं मला वाटलं, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कमी बोललो.

“माझा नाही,” मी म्हणालो. “नलूचा. हिच्या बहिणीचा. मी चोरला.”

तात्यांनी कानटोपी काढली. शोभा खुर्चीवरून उठून उभी राहिली. कुसुम म्हणाली, “मला कळलं होतं सर. तुमच्याशिवाय कोण देणार होतं हिला?” राग नव्हता. तेच जास्त लागलं. “पण दोनदा टकटक करून तोंड फिरवायलाही तुम्हीच शिकवलंत?”

“नाही.”

“कुनाचं तोंड?” शोभाने विचारलं.

आम्ही तिघांनी पटाकडे पाहिलं. कान उडालेला घोडा पांढऱ्याकडे बघत बसला होता.

“म्या नाय फिरवलं,” शोभा हळूच म्हणाली. “माझा घोडा कायम म्होरं बघतो. आन् टकटक कशाची? म्या एकदाच ठिवला.” मग तिने शाल घट्ट ओढून घेतली. तात्या म्हणाले, “घाईत फिरला असंल बाई, हाताला थंडी किती हाय.” असेल. मी त्यांच्या बोलण्याला चाळीस वर्षं धरून बसलोय. थंडीने बोटं आखडतात, सोंगटी निसटते, दोनदा आपटते, फिरते. काय अवघड आहे?

सोयरिकीच्या बैठकीची माणसं सतरंज्या घेऊन दारात उभी होती. कुसुम पायऱ्या उतरायला लागली तेव्हा मी मागून गेलो. “कुसुम, मात दिसली नव्हती?”

“दिसली.”

“मग?”

“त्या घोड्याला मारून करायची होती सर. एवढ्या लांबून परत आला होता.” दोन पायऱ्या उतरून ती वळली. धुक्यात मला तिचा फक्त आवाज येत होता, आणि तो कुणाचा आहे ते ओळखायला मला जरा वेळ लागला. “आणि तुमची अट होती ना? मोठ्या सामन्यात जिंकला पाहिजे. जिंकला. आता छापा.”

छापलं. स्मरणिकेच्या मधल्या पानावर, ‘नलूचा घोडा’, खाली कुमारी नलिनी भालेराव. विजेती म्हणून शोभाचं नाव. शेवटच्या चालीनंतर मी लिहिलं, ‘काळ्याला मात उपलब्ध होती.’ गुरुजींनी ते पान कापून फोटोशेजारी लावलं. शोभा राज्य स्पर्धेला गेली; ती सुरुवात तिने पुन्हा कधी खेळली नाही. आता तिच्या नातवंडांना बाग सांभाळायची घाई आहे, आणि दर हिवाळ्यात ती न चुकता द्राक्षं पाठवते. कुसुमने पुढे माझा रविवारचा वर्ग चालवला, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरा चालवला, कारण ती मुलींना हरलेले डाव रंगवून सांगत नसे.

तो संच माझ्याकडे आहे. थंडी सुरू झाली की मी तो गच्चीत उन्हाला मांडतो. लाकूड सर्दावतं, बाकी काही नाही. सगळे घोडे पुढे तोंड करून लावतो, चारही, स्वतः मोजून. मग खाली चहाला येतो. परत वर जाताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चष्मा काढून खिशात ठेवतो आणि सोंगट्या चाचपडत पिशवीत भरतो. कान उडालेला घोडा हाताला लगेच लागतो. त्याचं तोंड कुठे होतं, ते मी कधी बघितलेलं नाही. फक्त पिशवीत टाकण्याआधी तो दोनदा पटावर टेकवतो.